लखमाबाबांची उंची मोजली त्याची गोष्ट

ऐकून हातातला कप खाली ठेवाल, असा घोळ मी एकदा घातलाय! आधी चहा पिऊन घ्या.

साठ-सत्तरच्या मधली गोष्ट. तिकडे तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललेलं. मी पुण्याचा विद्यार्थी, 'वारल्यांचे मृत्युविधी' असा विषय घेऊन बोईसरच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्यावर पोचलो. राहायला लखमाबाबांची झोपडी. म्हातारा कसा, ठणठणीत! सून जानी, रोज आग्रहानं भाकरी वाढणारी.

आपण कोण, कशाला आलोय, हे त्यांना नीट सांगावं, असं माझ्या डोक्यातच आलं नाही हो! डोळ्यांना चष्मा, खांद्याला चामडी बॅग. त्यांनी आपलं ठरवून टाकलं, हा डाक्तर!

आणि हा डाक्तर विचारतोय काय? "बाबा, तुमच्यात माणूस गेला की काय काय करतात? रडतं कोण?"

बाबा बिचारे सांगत बसले. मग मी त्यांना कुडाशी उभं केलं आणि डोक्यापासून टाचेपर्यंत टेपनं मोजलं. आमच्या मानववंशशास्त्रात तेव्हा दिसेल त्याला मोजायची पद्धतच होती!

"कशाला मोजता?" जानीनं दारातून विचारलं.

"लागतं," मी म्हणालो. वर हे शहाणपण: "आठवड्याभरात मला पुण्याला परत जायचंय. त्याआधी एखादा विधी बघायला मिळाला, तर फार बरं होईल!"

जानीच्या हातातली टोपलीच पडली. मला वाटलं, निसटली.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावरून आंघोळ करून येतो, तर झोपडीपुढे ही गर्दी! बाया गळ्यात गळा घालून रडताहेत. मी धावलो. आनंदानं धावलो हो!

"कोण गेलं?"

"आजून नाय गेला," जानी हुंदके देत म्हणाली. "तुमीच सांगलात ना, आठवड्यात आटपंल म्हून!"

आत बाबा खाटेवर निपचित. चांगला चालता-बोलता माणूस मी नुसत्या बोलण्यानं मरणाला टेकवला होता!

"बाबा, उठा! मी डॉक्टर नाही! विद्यार्थी आहे, विद्यार्थी!"

बाबांनी एक डोळा उघडला. "म्हंजी मी मरत नाय?"

"नाही हो!"

बाबा ताडकन उठून बसले आणि सुनेवर ओरडले, "मंग माजा कोंबडा कापलास कशाला?"

मी सुटकेचा श्वास घेतोय, तोच त्यांची म्हातारी बहीण पुढे आली. "डोंगर उतरून रडाया आले मी! आता तशीच जाऊ? ह्याला विधी बघायचा हाय ना? निजवा ह्यालाच!"

नाही म्हणायला तोंड होतं कुठे? धरून आडवा केला मला. आणि त्या बायांनी असा काही सूर लावला, की माझं मलाच वाईट वाटायला लागलं!

पुढे प्रबंध वाचून सर खूश. "मृत्युविधीचं प्रकरण काय बारकाईनं लिहिलंयस! कुठून बघत होतास रे?"

म्हटलं, "सर, तिरडीवरून."