पिवळ्या काचांचा चष्मा

गेल्या शनिवारी दुपारी टोपी बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात मी जे करून आले, ते लिहायला चार दिवस लागले... अजूनही आठवलं की कान तापतात.

आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन होतेय. ग्राहकांची नावं-पत्ते नव्या सिस्टिममध्ये जुळवायचं काम रोज संध्याकाळी घरी लॅपटॉपवर, आणि नंतर कितीही कूस बदलली तरी डोळा लागत नाही. म्हणून निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्यायला लेकीला, ईराला घेऊन गेले. नंबर जुनाच होता.

मला साध्या काचेचा, नाजूक फ्रेमचा आवडला. दुकानदार काका मात्र पिवळसर काचाच पुढे करत राहिले. "मॅडम, शाम के लिए यही लीजिए. सादे काँच से नीली रोशनी ज़्यादा रुकती नहीं."

"आई, अंकल सही बोल रहे हैं," ईरा म्हणाली.

आता आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक... दुकानदाराशी हिंदी आणि आपसातली खलबतं मराठीत, ही सवय लहानपणापासूनची. मी त्यांच्यासमोरच बोलून मोकळी झाले, "कसलं सही? लबाड आहे मेला. पडून राहिलेला माल गळ्यात मारतोय. तू फ्रेमचा नंबर बघून ठेव, ऑनलाइन मागवू." वर त्यांच्याकडे बघून गोड हसलेसुद्धा.

त्यांनी शांतपणे माझ्या डोळ्यांमधल्या अंतराचं माप घेतलं, चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली.

"ताई, ऑनलाइन मागवाल तर हे माप टाका, नाहीतर डोकं दुखेल. पण काच पिवळीच घ्या... झोपेचा सवाल आहे."

मराठीत! ईरा सरळ दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. मी कसंबसं "माफ करा हो काका" म्हटलं.

"चाळीस वर्षं तुमच्या लोकांचे चष्मे बनवतोय," ते म्हणाले. "ऐकायची सवय आहे."

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

चष्मा तिथूनच घेतला, पिवळाच. रोज संध्याकाळी लावते, झोपही थोडी लागायला लागलीये. पण तो डोळ्यांवर चढवताना दरवेळी लाज वाटते...

इतक्या पिढ्या इथे राहून आपण मराठी टिकवली, याचा मला केवढा अभिमान. आणि ती मी वापरली कशासाठी, तर एका भल्या माणसाला त्याच्याच दुकानात, त्याच्या तोंडावर लबाड म्हणायला.