न उजाडलेली सकाळ

मला रात्री झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही. डॉक्टर म्हणाले, ही दोन्ही एकाच आजाराची लक्षणं आहेत. माझी बायको सुनंदा म्हणाली, एकाच माणसाची आहेत.

दोष शिफ्टचा. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी वीस वर्षं फिरत्या पाळीत काढली. एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार, एक आठवडा रात्र. आता जनरल शिफ्ट मिळालीय, पण ते माझ्या शरीराला कुणी कळवलेलं नाही. रात्री दोन वाजता मी टक्क जागा असतो आणि पंख्याचे फेरे मोजतो. पहाटे पाचला डोळा लागतो तो असा, की घराला आग लागली तर मला गादीसकट बाहेर न्यावं लागेल.

इथवर विनोद आहे. पुढचं सांगताना मला अजून बरं वाटत नाही. गेल्याच्या गेल्या वर्षी माझी मुलगी सायली हिची प्रवेश परीक्षा होती. तिला उठवायचं काम मी हौसेने मागून घेतलं होतं. आम्ही सेंटरवर पोचलो तेव्हा गेट बंद होऊन वीस मिनिटं झाली होती. पोरीचं अख्खं वर्ष गेलं. ती मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुन्हा तीच परीक्षा आली. रविवारचा पेपर, सेंटर उल्हासनगर पाच नंबरला, साडेसातला गेट बंद. आमच्या मोरिवलीहून रिक्षाने अर्धा तास. सुनंदाने सगळं स्वतःच्या हातात घेतलं होतं, पण शनिवारी सकाळी जांभूळ गावाहून तिच्या भावाचा फोन आला. माझ्या सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या होत्या. जाणं भाग होतं. निघताना तिने सायलीचा मोबाईल कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली (अभ्यासासाठी), जायफळ घातलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवलं (रात्री दोघांनी एकेक कप), आणि चप्पल घालता घालता माझ्याकडे बघितलं. आयसीयूच्या दारात नातेवाईक डॉक्टरांकडे बघतात, तसं.

मी विचार केला, या वेळी जोखीमच नको. आपण रात्रभर झोपायचंच नाही. खुर्चीवर बसून राहायचं आणि साडेचारला पोरीला हलवायचं. पण रात्रभर जागायचं तर दुपारी झोपून घेतलं पाहिजे. म्हणून जेवण झाल्यावर, दोनच्या सुमाराला, ते दूध मी बाहेर काढलं. सुनंदाचा हात जरा आखडता असतो, म्हणून वर अर्धं जायफळ आणखी किसलं. सायलीही आदल्या रात्री चारपर्यंत वाचत बसली होती आणि तिचे डोळे सुजले होते. तिलाही अर्धा कप दिला. पडदे ओढले, मोबाईलवर पहाटेचे चार अलार्म आधीच लावून ठेवले आणि आडवा झालो.

जाग आली तेव्हा घरात राखाडी उजेड होता. बाहेर कावळे ओरडत होते. अंग कसं हलकं झालं होतं. पहिली भावना आनंदाची होती, हे कबूल करतो. कित्येक वर्षांत मी असा गाढ झोपलो नव्हतो. मग समोरच्या घड्याळाकडे नजर गेली. सहा बत्तीस.

मोबाईल उचलला. त्यावरही सहा बत्तीस. (खाली बारीक अक्षरात वारही लिहिलेला असतो म्हणे. चष्म्याशिवाय मला फक्त आकडे दिसतात.) चारही अलार्म वाजले नव्हते. म्हणजे वाजले असणार आणि मी झोपेत बंद केले असणार. मी सायलीच्या खोलीत धावलो.

"सायले, ऊठ. साडेसहा वाजले."

गेल्या खेपेलाही मी तिला याच शब्दांनी उठवलं होतं. ती ताडकन उठून बसली. चेहरा पांढराफटक. ओरडली नाही, रडली नाही. गादीवरून उतरली आणि झोपेत चालावं तशी मोरीकडे गेली. तेवढ्यात मला जाणवलं की रात्री जेवल्याचं काही आठवत नाहीये. मोरीत दुपारची ताटं तशीच पडली होती. माझ्या आयुष्यातली एक अख्खी रात्र कुठेतरी गेली होती आणि तिचा मागमूसही उरला नव्हता. पण त्यावर विचार करायला वेळ कुणाला होता?

पाच मिनिटांत आम्ही जिन्यात होतो. तळमजल्याच्या पाटीलकाकू दारात दिवा ठेवत होत्या. उदबत्तीचा वास जिनाभर पसरला होता. त्यांनी विचारलं, इतक्या घाईने कुठे. मी म्हटलं, सायलीचा पेपर. त्या म्हणाल्या, "आत्ता?" मी म्हटलं, हो, उशीरच झालाय. काकूंनी तोंडावर हात ठेवला आणि सायलीकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत जे होतं, ते मी एरवी फक्त मयताच्या घरी बघितलंय.

फाटकात तिसऱ्या मजल्यावरचे घरत भेटले. खांद्याला डबा, पायात सेफ्टी शूज, चेहरा दमलेला. आत्ताच सुटलो, म्हणाले. रात्रपाळी, मी मनात म्हटलं. आमच्या भागाची हीच तर गंमत आहे. इथे सकाळी साडेसहालाही माणसं दमून घरी येतात आणि संध्याकाळी साडेसहालाही. रस्त्याकडे बघून दिवसाची वेळ ओळखणं कुणालाच शक्य नाही.

रिक्षा मिळाली. पाच नंबर, कॉलेज, साडेसातच्या आत, एवढंच मी सांगितलं. रिक्षावाल्याने आरशातून सायलीच्या मांडीवरचं हॉलतिकीट आणि पारदर्शक बाटली बघितली.

"पेपर है क्या? इस टाइम को?"

"गेट बंद होईल. जल्दी चलो."

"गेट तो कब का बंद हो गया होगा, भाऊ."

मी डोळे मिटले. सायलीने माझा हात धरला. तिची बोटं गार होती.

रिक्षा पळत होती. थोड्या वेळाने सायली हळूच म्हणाली, "बाबा, सूर्य मलंगगडाच्या बाजूने कधीपासून यायला लागला?"

मी डोळे उघडले. डाव्या हाताला मलंगगडाच्या मागे आभाळ लालभडक झालं होतं. माझा सगळा जन्म अंबरनाथात गेला. त्या बाजूला मी सूर्याला फक्त जाताना बघितलंय. मी तिला म्हटलं, रस्ता वळलाय, त्यामुळे तुला तसं वाटतंय. रस्ता सरळ होता.

जे दिसत होतं ते दोघांनाही दिसत होतं. उजाडायचं सोडून अंधारत चाललं होतं. दर मिनिटाला थोडं थोडं. आधी झाडांची पानं वेगवेगळी दिसायची बंद झाली, मग माणसांचे चेहरे. एका मोठ्या वडावरून वटवाघळं उठली आणि डोक्यावरून निघून गेली. सकाळी ती घरी परत येतात, एवढं मला माहीत आहे. ही चालली होती. कंपन्यांचा धूर खाली उतरला होता आणि त्याचा तो सडक्या बदामासारखा वास. मी स्वतःला समजावत होतो की ढग असतील, ग्रहण असेल. ग्रहणाची बातमी मी झोपेत चुकवली असेल. मी काहीही चुकवू शकतो.

पाच नंबरला लाइट गेलेली होती. गल्लीत सिंधी दुकानदार मेणबत्त्या लावून गल्ल्यावर बसले होते. इतक्या पहाटे यांची दुकानं उघडी! धंदा असा करावा, मी सायलीला म्हटलं. ती माझ्याकडे बघत होती. मग अगदी शांतपणे तिने विचारलं, "बाबा, त्या दुधात काय होतं? आपण दोघं जिवंत आहोत ना?"

याचं उत्तर मला ताबडतोब देता आलं नाही, ही शरमेची गोष्ट आहे.

कॉलेजसमोर रिक्षा थांबली. पैसे घेऊन रिक्षावाला मागे न बघता निघून गेला. इमारत पूर्ण काळोखात. गेटला साखळी आणि कुलूप. ना मुलं, ना पालक, ना पोलीस. माझ्या घड्याळात सात दहा झाले होते. मी गेट हलवलं. तो आवाज आतल्या रिकाम्या पॅसेजमधून फिरून परत आला. आणखी एकदा हलवलं. मग आत, खूप लांब, एक बॅटरी लागली आणि हळूहळू आमच्याकडे यायला लागली. पावलांचा आवाज नव्हता.

बॅटरीमागे एक म्हातारा होता. डोक्यावरून शाल घेतलेली, पाय अनवाणी. मी म्हटलं, परीक्षेला आलोय. त्याने बॅटरी सायलीच्या तोंडावर धरली, मग माझ्या.

"सगळे गेले," तो म्हणाला.

"गेले? कुठे?"

"घरी. आता आत कोण नाय. मी एकटाच असतो."

त्याने बॅटरी बाजूला वळवली. आतल्या फळ्यावर बैठक क्रमांकांचे कागद चिकटवलेले होते. त्यातला सायलीचा नंबर आम्हाला गजांतूनही दिसला. तिचा नंबर होता, तिचं बाक होतं, आणि सगळे पेपर देऊन घरी गेले होते.

मी गेटचे गज धरले आणि जे बोलायचं नव्हतं ते बोललो.

"बाबा, गेल्या खेपेला माझ्या झोपेपायी या पोरीचं वर्ष गेलं. ती मला काही बोलली नाही, पण मी त्या दिवसापासून धड झोपलो नाहीये. पाया पडतो तुमच्या. कुणाला तरी फोन लावा. हिला आत घ्या."

बोलता बोलता मला रडू फुटलं. बावन्न वर्षांचा माणूस, सुपरवायझर, गजांना धरून रडतोय. म्हाताऱ्याने बॅटरी सायलीच्या हातातल्या हॉलतिकिटावर नेली. मग त्याने बॅटरी विझवली.

"साहेब, उद्या या."

"उद्या येऊन काय करू?"

"पेपर द्या. पेपर उद्या आहे." तो थोडा पुढे झुकला. माझ्या तोंडाला दारूचा वास येतो का बघतोय, हे माझ्या लक्षात आलं. "आज शनवार आहे. संध्याकाळचे सव्वासात झालेत. लोकं नंबर चिकटवून आत्ताच घरी गेले."

मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मलंगगडाच्या दिशेकडे बघितलं. आणि तेवढ्यात लाइट आली. सगळी गल्ली एकदम पेटली. समोर पाणीपुरीची गाडी, तिच्याभोवती बायकामुलं, साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं, कुणाच्या तरी घरातून मालिकेचं रडणं. शनिवारची भरगच्च संध्याकाळ आमच्या पाठीशी उभी होती आणि आम्ही तिच्याकडे पाठ करून रविवार सकाळ मागत होतो.

सायली फूटपाथच्या कडेला बसली. आधी वाटलं, रडतेय. ती हसत होती. हॉलतिकीट तोंडावर धरून, खांदे हलेपर्यंत हसत होती. म्हाताराही शालीत तोंड लपवून हसला आणि आत निघून गेला.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गेल्या खेपेची नेहमी गंमत करून सांगता. मला वाटलं, तुम्ही विसरलात."

मी म्हटलं, नाही विसरलो.

"मग असू दे आता," ती म्हणाली. वर्षभर ज्याची वाट बघत होतो ते बोलणं एवढंच होतं. त्यावर आम्ही दोघांनी तीन प्लेट रगडा पॅटिस खाल्लं. तिसऱ्या प्लेटला सुनंदाचा फोन आला. सासूबाईंचं हाड मोडलेलं नव्हतं, नुसता मुका मार होता. मग तिने विचारलं, मागे कसला गोंगाट आहे, आणि पोरगी काय करतेय. मी म्हटलं, नुकतीच उठलीय. माझ्या मते हे खोटं नव्हतं.

घरी येऊन सायलीने दोन तास शांतपणे वाचलं, दहाला झोपली आणि डोळे मिटताच घोरायला लागली. मी ठरल्याप्रमाणे खुर्चीवर बसलो. चष्मा लावून. रात्री एकला मोबाईलवरचा वार वाचला, दोनला वाचला, तीनला खिडकी उघडून आभाळही तपासलं. साडेचारला तिला उठवलं. पावणेसहाला आम्ही त्या गेटसमोर उभे होतो. बाकी कुणीच आलं नव्हतं. या वेळी मात्र अंधार हळूहळू कमी होत गेला. सूर्य आपल्या ठरलेल्या बाजूने वर आला तेव्हा मी त्याला मनापासून हात जोडले.

पेपर चांगला गेला. जूनमध्ये निकाल लागला आणि सायलीला पुण्याच्या कॉलेजात हवी ती शाखा मिळाली. आमच्या सोसायटीने रविवारी गच्चीवर तिचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, पाटीलकाकूंच्या हातचे पेढे. कुणीतरी तिला विचारलं, या यशात वडिलांचा वाटा काय. ती माइकवर म्हणाली, "बाकीच्यांचे आईवडील मुलांना परीक्षेच्या अर्धा तास आधी सेंटरवर पोचवतात. माझ्या बाबांनी मला बारा तास आधी पोचवलं." गच्ची हसून हसून बेजार झाली म्हणे.

म्हणे, कारण हे मला सुनंदाने नंतर सांगितलं. तेव्हा मी तिसऱ्या रांगेत गाढ झोपलो होतो.