शेवटचा तांब्या

ऑगस्ट १९७१, सोमवार. चेक अकराशे चाळीस रुपयांचा, आईच्या नावाचा. बँकेच्या खोलीत हजर चौघे: मॅनेजर, वकीलसाहेब, आई आणि मी. बसलेले दोघे.

बाप नागपुरात गिरणीत होता. तो गेल्यावर त्याच्या फंडाचा हा चेक आला. चेक वटवायला खातं हवं, आणि खातं उघडायला त्याच बँकेतल्या जुन्या खातेदाराची ओळखीची सही. वकीलसाहेबांचं खातं तिथंच होतं. आईला वाटलं, आता काम झालंच. साहेबांच्या घरी बाईसाहेबांची तीन बाळंतपणं तिनेच काढली होती. पहाटे जायचं, बाळबाळंतिणीला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा. तिन्ही पोरं तिच्या पायांवर न्हाली.

मॅनेजरने विचारलं, या बाईंना तुम्ही ओळखता ना? साहेबांनी आमच्याकडे पाहिलंही नाही.

"आय ॲम अनफॅमिलियर विथ दीज पीपल."

मग मराठीत, आईला: "बाई, बँकेचे नियम कडक असतात. माझ्या हातात काही नाही."

आईने त्यांना हात जोडले. ते जोडलेले हात आठवले की आजही किळस येते. हातांची नाही.

मी तेव्हा अकरावीत. अनफॅमिलियर हा शब्द मास्तरांनी शिकवला होता. अनोळखी रस्ता, अनोळखी गाव, असा वापर. ज्या बाईच्या पायांवर आपली लेकरं न्हाली, तिच्यासाठीही तो वापरतात, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "का म्हनलं गा साहेबानं?"

मला खोटं सांगता आलं असतं. मी अर्थ सांगितला.

ती थोडं चालली. मग थांबली. "वयखत नाही म्हनते? त्याच्या मोठ्या पोराच्या ढुंगनावरचा तीळ सांगू का त्या मॅनेजरले?"

मी हसलो नाही. मला त्या घरातून आमच्याकडे काय काय आलं ते आठवत होतं. आंबलेलं वरण. बगलेत घामाने पिवळी पडलेली पोलकी. मी ते वरण खाऊन वाढलो. पैसे कधीच नाहीत. बाईसाहेब म्हणायच्या, तुले काय पैसे द्यायचे वं, तू तर घरचीच. आणि ह्या घरच्या बाईने बाळ न्हाऊ घातलं की शेवटचा तांब्या तिने ओतायचा नाही. तो बाईसाहेब ओतायच्या. आईच्या हाताचा विटाळ धुऊन निघावा म्हणून. घरची, पण तांब्यापुरती परकी.

सही शेवटी आमच्या गल्लीतल्या चक्कीवाल्याने केली; त्याचंही खातं तिथंच होतं. पिठाने माखलेला हात पँटीला पुसत तो बँकेत आला आणि सही करून लगेच चक्कीवर परतला.

दिवाळीनंतर साहेबांच्या घरून निरोप आला. मोठी सून बाळंत झाली, उद्यापासून ये. मी आईला म्हटलं, जाऊ नको. ती म्हणाली, "लेकरानं का केलं गा?" मी तिच्यासोबत गेलो.

ती दारातच उभी राहिली. आत बाळ रडत होतं. साहेब पडवीत पेपर वाचत होते. बाईसाहेब म्हणाल्या, ये ना, पाणी तापलं आहे. आई हलली नाही. म्हणाली, रोज तीन रुपये पडतील.

"काहून वं, परक्यासारखी बोलून राहिली?"

"साहेबानंच सांगतलं बँकेत, वयख नाही म्हनून. बिनवयखीच्या घरी मी रोजानं जातो. अन् शेवटचा तांब्या मीच टाकीन. नाही तर दुसरी पाहा."

बाईसाहेबांनी साहेबांकडे पाहिलं. पेपर खाली आला नाही. त्याच्यामागून आवाज आला, "घे तिला आत."

त्या सकाळी शेवटचा तांब्या आईने ओतला. बाईसाहेब कडेला उभ्या राहून पाहत होत्या. बाळाला काही झालं नाही.

आज माझ्या घरी धुण्याभांड्याला बाई येते. तिला आम्ही घरची म्हणत नाही. एक तारखेला पगार देतो. आणि मला कुणी 'तू घरचाच' म्हटलं, की मी कामाचा दर आधी सांगतो. पुढेही सांगेन.

त्या बाळंतपणाचा महिना भरला तेव्हा साहेबांनी स्वतः मोजून नव्वद रुपये दिले. रोख, आईच्या हातात. त्यावर बाईसाहेबांनी एक वापरलेलं लुगडं ठेवलं. पैसे आईने पदरात बांधले. लुगडं त्यांच्याच पायरीवर ठेवून ती खाली उतरली.