गल्लीचं माप

शोरूममधल्या धनेशला मायलेज विचारणारी गिऱ्हाइकं रोज भेटत. गळ्यात टेप अडकवून आलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच.

"रुंदी साडेसत्तर इंच, आंटी. इथे छापलंय."

रेजिनाने मान डोलावली आणि तरीही टेप काढली. पापडी गावात तीस वर्षं ती ब्लाउज शिवत आली होती; तोंडी सांगितलेल्या मापावर तिने कधी कात्री चालवली नव्हती. एका आरशाच्या टोकाला तिने लेकीला, जीनाला, टेप धरायला लावली. साठ इंचांवर टेप संपली, तिथे काचेला अंगठा रोवला, पुढे मोजलं. ऐंशी!

"आरसे मापात धरत नाहीत," धनेश ओशाळला.

"मग काय, बाह्या सोडून ब्लाउज मोजता?"

जीना हसली नाही. गोखिवऱ्याला औषधांच्या कारखान्यात ती लॅबमध्ये होती आणि दुपारची पाळी रात्री साडेदहाला सुटे. स्कूटर घसरून पडल्यापासून तिने सांगून टाकलं होतं, "गाडी घरापर्यंत येणार नसेल, तर मी तिकडेच खोली घेते." नवरा, स्टॅनी, गेल्यापासून घरात दोघीच. दुसऱ्या दिवसापासून रेजिना घरासमोरची गल्ली मोजत सुटली होती. सगळ्यात अरुंद जागी चौऱ्याऐंशी इंच.

म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन इंच लूज.

"लहान गाडी बघूया ना."

"मम्मी, पावसात कंपनीच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी असतं. लहान बंद पडते."

"आरसे मिटून काढायची गल्लीतून," धनेशने सुचवलं.

"लायसन मिळून दोन महिने झालेल्या पोरीने? तू डोळे मिटून सुईत दोरा ओव, मग सांग."

पण गाडीत आहे तरी काय एवढं, हे तिला बघायचंच होतं. ती स्टिअरिंगमागे चढून बसली. शोरूमची फरशी, काचेबाहेरचा रस्ता, रिक्षांची टपं, सगळं खाली गेलं. मग जीना बसली. स्कूटरवर हल्ली खांदे आवळून बसणारी पोर इथे ताठ बसली होती. पहिल्या फिटिंगला बाई आरशासमोर उभी राहते आणि ब्लाउज कुठेच ओढून बघत नाही, तशी.

संध्याकाळी ती पुन्हा गल्लीत. समोरचा आलोशियस झाडांना पाणी घालत होता.

"रेजिना, सातव्यांदा मोजतेस माझी भिंत. उपास करून बारीक व्हायची नाही ती."

"मालकावर गेलीय."

टेपचं एक टोक भिंतीला लावून ती मागे मागे सरकत आली आणि पाय ओट्याला लागले. स्टॅनीने बांधलेला ओटा. हेमिंग करायला ती इथेच बसे, बायका मापं द्यायला इथेच टेकत. सातही वेळा तिने ओट्याकडे पाठ करून भिंतीवरच डोळे वटारले होते.

ती वळली. ओट्यावर हात फिरवला. मग झग्याच्या खिशातून खडू काढून कडेपासून एक फूट आत सरळ रेघ मारली, उसवायच्या शिवणीवर मारतात तशी.

"जीना, त्या धनेशला फोन कर. आलोशियस, तुझा गवंडी उद्या मोकळा आहे का?"

आलोशियसने पाइप बाजूला टाकला. रेघेकडे बघतच राहिला.

"आणि तुझी गिऱ्हाइकं बसणार कुठे?"

"गाडीत."