ओर्विन म्हणजे काय

एम.ए.च्या पहिल्या सत्रात मला एका इंग्रजी कादंबरीवर वर्गात बोलायचं होतं. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि बी.ए.पर्यंत इंग्रजीचं प्रत्येक उत्तर आधी मनात मराठीत जुळवलेलं. दिल्लीत आल्यापासून इंग्रजी सोडून इतिहास घ्यावा असं डोक्यात घोळत होतं. हे बोलणं जमलं नाही तर विषय बदलायचा, असं मी ठरवून टाकलं. कुणाला सांगितलं नाही.

कादंबरी मिठागराकाठच्या एका गावाची होती. तिथे संध्याकाळी सावल्या माणसांच्या मागून, उशिरा घरी येतात. एक दिवस गावची पोस्टमास्तरीण नाहीशी होते आणि तिची सावली तेवढी परत येते. तपासाला शहरातून एक बाई येते. पहिल्याच पानावर ती दारात थांबून आपला ‘ओर्विन’ खुंटीला अडकवते.

तिथे मी अडले. ओर्विन मोबाइलवर सापडला नाही. लायब्ररीतल्या जाड शब्दकोशातही नव्हता. स्पेलिंग मात्र बरोबर उतरवलं होतं.

दिल्लीतल्या मुनिरका भागात मी भाड्यानं राहायचे, त्या खोलीत माझ्याबरोबर पुण्याची एक ताई राहायची. ती नोएडाला आयटीत होती. फोनवर भांडायचीसुद्धा इंग्रजीत. तिला विचारलं.

“खुंटीला लावते ना? मग रेनकोट असेल यार.”

“नक्की?”

“अगं, बाहेरून आलीय, अंगावरचं काढून अडकवलंय. आणखी काय असणार, जेवणाचा डबा?”

मी पानापानावर पेन्सिलीनं ‘रेनकोट’ लिहीत गेले. पुढे एका प्रकरणात रेनकोटला भूक लागली. मी वाक्य पुन्हा वाचलं, कर्ता शोधला, क्रियापद तपासलं. मग रेनकोट त्या बाईवर रुसला. ताईला दाखवलं तर म्हणाली, “हा रेनकोट नाही, माझा मॅनेजर आहे,” आणि कुकर लावायला गेली.

मला हसू आलं नाही. सावल्या उशिरा येतात हे मी बिनतक्रार मानलं होतं. रेनकोटची भूक मात्र मला माझ्या इंग्रजीची चूक वाटली. पुस्तकातलं विचित्र कुठे संपतं आणि माझं न कळणं कुठे सुरू होतं, ते ठरवता येईना.

वर्गात उभी राहिले तेव्हा लिहून आणलेलं पहिलं वाक्य तोंडातून निघेना. त्याऐवजी म्हणाले, “मॅडम, मला ओर्विन म्हणजे काय ते कळलेलं नाही. खूप शोधलं.” हे मोडक्या इंग्रजीत, बारीक आवाजात.

मॅडमनी वर्गाकडे पाहिलं. “कोण सांगतंय?”

कुणीतरी शाल म्हणालं. नेहमी पहिल्या बाकावर बसणारा मुलगा म्हणाला की ते रूपक आहे. कशाचं, ते त्याला सांगता आलं नाही.

“मुझे तो कुत्ता लगा था,” मागून एक मुलगी म्हणाली.

“कुत्ते को खूँटी पे टाँगेगी?”

सगळे हसले. मॅडमही. म्हणाल्या, “मलाही माहीत नाही. तो शब्द लेखकानं बनवलाय आणि शेवटपर्यंत त्याचा अर्थ सांगितलेला नाही. तू इथूनच सुरू कर.”

कागद बाजूला ठेवावा लागला, कारण त्यात सगळीकडे रेनकोट होता. रेनकोट धरून वाचल्यामुळे कुठला प्रसंग कसा दिसला ते सांगत गेले. एकदोनदा क्रियापद चुकलं. कुणी दुरुस्त केलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

खोलीवर येताना फार आनंद झाला असं नाही. इतके दिवस उगाच लाजण्यात गेले याचा थोडा रागच आला. पुढच्या आठवड्यात दुसरी कादंबरी सुरू झाली, साधी, चहापार्ट्यांची. तिच्यातले मला न येणारे शब्द सगळे शब्दकोशात होते, आणि बाकीच्यांना ते येतही होते. पहिल्याच तासाला मी त्यातले काही विचारले. काहीजण वळून बघत होते. इतिहास विभागात चौकशीला जायचं मी पुढे ढकललं, आणि मग ते राहूनच गेलं.