डोंगरीच्या मित्राला जामीन राहिले तेव्हा

अंधेरीतल्या एका फायनान्स कंपनीत माझं जवळजवळ ठरलं होतं. दोन इंटरव्ह्यू झाले, पगार सांगून झाला. मग एके दुपारी एचआरच्या मॅडमचा फोन आला.

"तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये कर्ज थकलेलं दिसतंय."

"मॅडम, मी आयुष्यात कर्जच घेतलेलं नाही!"

"टू-व्हीलर लोन. तुम्ही जामीनदार आहात."

तेव्हा आठवलं. भाईंदर पूर्वेच्या कुरियर ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या, भाईंदरजवळच्या डोंगरी गावच्या मुलाने बाईक घेतली होती. त्याला जामीनदार मिळत नव्हता, मी चहा पिता पिता सही करून मोकळी झाले होते. नंतर त्याने ती नोकरी सोडली आणि त्याचा फोनही लागेनासा झाला.

"आमच्याकडे पैशांचं काम चालतं," मॅडम म्हणाल्या, "त्यामुळे हे बघावंच लागतं. आठ दिवस देते. काही कागद आणता आला तर बघा."

आई म्हणाली, "सही करण्याआधी घरी विचारायचं असतं." तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी बसने डोंगरीला गेले. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवत होते. त्याची आई दारातच भेटली. नाव सांगितल्यावर तिने आत बोट दाखवलं. तो खाटेवर होता, एक पाय उशीवर ठेवलेला. चार महिन्यांपूर्वी बाईकवरून पडला होता, पायात रॉड घातला होता. काम नाही, म्हणून हप्ते नाहीत. बाईक अंगणात ताडपत्रीखाली उभी होती.

पाठ केलेलं सगळं विसरले. पण गप्प बसून चालणार नव्हतं.

"तुझ्यामुळे माझी नोकरी अडलीय," मी म्हणाले. "मला एक फोन तरी करायचास."

"लाज वाटली गं. आणि तुझ्या नावावर पण येतं हे मला खरंच माहीत नव्हतं."

त्याची आई दारातून म्हणाली, "आमाला ठावं न्हाय पोरी. नायतर असं केलं नसतं." मग त्याच्याकडे वळून, "ती गाडी काढून टाक. तशीपण बघून माजं काळीज धडधडतं."

त्याच्या चुलतभावाला बाईक हवीच होती. कर्ज देणाऱ्यांची परवानगी घेऊन त्याने उरलेलं सगळं कर्ज फेडलं आणि बाईक पुढे त्याच्या नावावर करायचं ठरलं. पाचव्या दिवशी मित्र कुबड्या घेऊन रिक्षाने माझ्याबरोबर कर्ज देणाऱ्या कंपनीच्या शाखेत आला. तिथल्या माणसाने कर्ज संपल्याचं पत्र दिलं आणि सांगितलं, "रिपोर्टमध्ये बदल दिसायला दोनेक महिने लागतील."

माझ्याकडे तीनच दिवस होते. त्या संध्याकाळी मी साध्या कागदावर घडलेलं सगळं लिहिलं, सही कुठे आणि का केली तेही. मित्राने त्याखाली स्वतःचं लिहिलं: हप्ते मी थकवले, हिने नाही.

मॅडमनी दोन्ही कागद माझ्यासमोर सावकाश वाचले आणि उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "सोमवारपासून कामावर या. नवा रिपोर्ट आला की पक्कं करू. आणि एक विचारू? तो मुलगा आता काय करतोय?"

"अजून पुन्हा चालायला शिकतोय," मी म्हणाले.

रिपोर्ट तीन महिन्यांनी सुधारून आला. पुढे मी मॅडमच्याच विभागात नोकरीच्या उमेदवारांचे रिपोर्ट तपासायला लागले. एखाद्याचं कर्ज थकलेलं दिसलं की नकाराचं पत्र टाइप करण्याआधी मी त्याला फोन लावायचे आणि विचारायचे, "काय झालं होतं, सांगाल का?" बहुतेकजण आधी घाबरायचे. मग सांगायचे.