पेरूवरची माशी

प्रेमलाकाकू मुळ्यांनी काशीतल्या मुलींच्या शाळेत उभी हयात ड्रॉइंग शिकवलं. म्हणजे काय, तर कलश, कमळ आणि ताजी टवटवीत फळं. पण शाळेच्या वाचनालयात एका जाड पुस्तकात त्यांनी जुन्या डच चित्रकारांची फळाफुलांची चित्रं पाहिली होती. अर्धं सोललेलं लिंबू, मान टाकलेला गुलाब, फुटलेलं फळ, त्यावर माशी. भरल्या ताटातच सगळं सरत चाललेलं. तसं एक तरी चित्र काढायचं, हे वेड तेव्हापासूनचं.

निवृत्तीनंतर एका प्रदर्शनात पहिल्यांदाच जागा मिळाली, तेव्हा काकूंनी भोसले घाटाजवळच्या घरात खिडकीशी पितळी ताट मांडलं. पेरू, द्राक्षं, सोललेली मोसंबी, गुलाब. ताट आणि खालचं कापड रंगवून झालं. फळं शेवटी रंगवायची होती, नीट बिघडल्यावर.

एकादशीला सकाळी त्या भाजी घेऊन परतल्या, तर ताट घासूनपुसून लखलखीत. वर ताजी फळं, ताजा गुलाब आणि तुळशीचं पान!

त्यांचे यजमान वासुदेव दशाश्वमेधावर यात्रेकरूंची श्राद्धकर्मं करतात. ते मोठ्या समाधानानं म्हणाले, "अगं, निर्माल्य सडत होतं. गंगेत सोडून आलो."

"निर्माल्य? देवाला वाहिलं होतं कुणी? माझं चित्र होतं ते!"

"मग ताजं काढ की! बासी फळं कोण बघतंय? घरात अशुभ."

अशुभ! खिडकीतून रोज मणिकर्णिकेवरच्या चितांचा धूर येतो तो चालतो, आणि पेरूवरची माशी अशुभ! काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोनं काही मांडलं की आवरून टाकायचं, एका शब्दानं विचारायचं नाही. उद्या यांचे पिंड शिळा भात समजून कुणी उकिरड्यावर टाकले असते, तर चाललं असतं?

"चाळीस वर्षं ताजंच काढत आले," काकू म्हणाल्या. "हे एक माझं होतं."

वासुदेवांनी "गलती झाली" म्हणून पाहिलं. काकूंनी ताजी फळं उचलून त्यांच्याच पुढ्यात ठेवली आणि दार लावून घेतलं. प्रदर्शन तोंडावर आलेलं, दुसरे पेरू कुजेपर्यंत वेळ नव्हता. कापडावर मोसंबीच्या रसाचा डाग होता, वासुदेवांच्या नजरेतून सुटलेली एक पाकळी होती, आणि माशी अजून तिथंच घोटाळत होती. काकूंनी तेवढंच रंगवलं. ताट रिकामं ठेवलं.

प्रदर्शनात लोक त्या चित्रापाशी थांबू लागले. एका मुलीनं विचारलंच, "चाचीजी, इसमें जो फल थे, वो कहाँ गए?"

काकूंनी शेजारी उभ्या वासुदेवांकडे बोट केलं. "इनसे पूछिए."

गेलेला जीव कुठे जातो, हे वासुदेव रोज घाटावर रडत्या माणसांना न अडखळता सांगतात. त्या दिवशी ते नुसतेच चित्राकडे बघत राहिले.